जपानीला जायला इंग्रजीचा टोलनाका कशाला?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या परदेशी भाषा शिकण्यावर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, एकदा चहाबरोबर आणि एकदा चिडून. त्यात दहा ॲप दिली होती, त्यांना स्टार पण दिले होते, पण ती वापरायला आधी बऱ्यापैकी इंग्रजी यावं लागतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे मराठी माणसाला जर्मन शिकायचं असो नाहीतर जपानी, आधी इंग्रजीच्या टोलनाक्यावर पावती फाडायची आणि मगच पुढे जायचं, हे लेख लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललंय. मी कराडला राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय ४९, मराठी मीडियमची बीकॉम, आणि गेली पाच वर्षं घरी बसून जपानी शिकतेय. त्यातली पहिली दीड वर्षं मी याच टोलनाक्यावर वाया घालवली म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचंच झालं तर मधून कुठून तरी कापा.

जपानीच का, असं सगळे विचारतात. मुलगी तिकडे दिलीय का, कंपनी पाठवणार आहे का. तसं काही नाही हो, क्रोशाची हौस. २०२० च्या लॉकडाऊनमधे मी परत सुई हातात घेतली आणि नेटवर जपानी बायकांचे नमुने बघून वेडी झाले. त्यांच्याकडे नमुना शब्दात लिहित नाहीत, चिन्हांची आकृती काढतात, साखळीच्या टाक्याला लांबट गोल, खांबाच्या टाक्याला इंग्रजी टी सारखी खूण आणि तिच्यावर आडवी तिरकी रेघ. त्यामुळे भाषा येत नसली तरी अर्धा रुमाल होतो. पण दोरा कुठला, सुई किती नंबरची, कितव्या ओळीला वाढवायचं आणि कुठे घटवायचं हे सगळं कडेला बारीक अक्षरात, आणि माझ्या पहिल्या रुमालाची टोपी झाली ती त्या बारीक अक्षरांमुळेच.

मग मी ऑनलाईन क्लास लावला. नाव घेत नाही. जाहिरात '४५ दिवसांत फ्लुएंट' आणि फी ६५०० रुपये. नंतर कळलं की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे ती त्यांच्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना जपानी नीट यायला वर्गातले २२०० तास धरते. आता ४५ दिवस म्हणजे झोप, जेवण, आंघोळ सगळं सोडून बसलं तरी १०८० तासच होतात, कॅशियर असून हा हिशोब मी फी भरायच्या आधी केला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्या क्लासमधे शिकवणारे पण मराठी, शिकणारे पण निम्म्याच्या वर मराठी, आणि शिकवायचं मात्र इंग्रजीतून, स्लाईडवर सगळं जपानी रोमन अक्षरात.

त्या रोमन अक्षरांनी केलेलं नुकसान सांगते. आपल्याकडे सगळे 'अरिगाटो' म्हणतात. जपानी माणूस 'अरिगातो' म्हणतो, त आपल्या तव्याचा. पण रोमनमधे टी दिसला की आपल्या डोक्यात ट वाजतो आणि डी दिसला की ड, शाळेपासून तीच सवय. जपानीत आपला टणक ट नाहीच मुळी. देवनागरीत लिहिलं असतं तर पहिल्या दिवशी विषय संपला असता. तसंच ह्रस्व दीर्घाचं. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि त्यातला बा लांबवून 'ओबाऽसान' म्हटलं की आजी. इंग्रजी पुस्तकं यासाठी डोक्यावर रेघा काढतात, दोन दोन अक्षरं लिहितात, सराव देतात. आपल्याला दिन आणि दीन मधला फरक लहानपणी छडी खाऊन शिकवलाय. आणि जोडाक्षर, 'किते' म्हणजे येऊन आणि 'कित्ते' म्हणजे कापून, यावर त्या पुस्तकात अख्खं पान आहे, मधे किती थांबायचं वगैरे, अहो पता आणि पत्ता म्हणता येतंय ना, मग झालं.

आणि गंमत बघा, जपानी मुळाक्षरं ज्या क्रमाने पाठ करतात तो क्रम ऐका. अ इ उ ए ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. संस्कृत मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून तिकडचे बौद्ध भिक्षू आपल्याकडून गेलेली सिद्धम् नावाची जुनी लिपी शिकत होते, त्या अभ्यासातून आपल्या वर्णमालेच्या वळणावर हा क्रम लावला गेला. हा मधेच म च्या आधी का बसलाय हे मला कोडं पडलं होतं, तर जुन्या जपानीत त्या ह चा उच्चार प होता, म्हणून तो पवर्गाच्या जागी. आणि हे कळल्यावर दुसरं एक कोडं आपोआप सुटलं. 'हारि' म्हणजे सुई, पण क्रोशाची आकड्याची सुई म्हणजे 'कागिबारि', जोडशब्दात ह चा एकदम ब कसा झाला? तर तो मुळात प, आणि प चा ब होणं यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, वागीश आणि जगदीश असले संधी सोडवलेत आपण. मी हे क्लासच्या सरांना विचारलं होतं तर ते म्हणाले एक्सेप्शन आहे, पाठ करा.

क्लास सोडला आणि एक नवी वही घातली, तिच्यावर लिहिलं 'इंग्रजी बंद'. नियम एकच, जपानीचा अर्थ लिहायचा तर मराठीत लिहायचा, आणि बोलतो तसा. पहिल्याच आठवड्यात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जपानीत प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावतात. इकिमास का? जायचं का? शेवटी 'ने' लावला की आपला 'ना'. सामुइ देस ने, थंडी आहे ना. सो देस का म्हणजे असं आहे का, असं का. माझ्या सासूबाई शेजारी बसून वाती वळत होत्या, मोबाईलवर जपानी बाई म्हणाली सो देस का आणि या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, 'असं का?' मी पोट धरून हसले, त्यांना कळेना काय झालं.

घरातून निघताना जपानी माणूस काय म्हणतो? 'इत्ते किमास', जाऊन येतो. आणि घरातला माणूस म्हणतो 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. आता आपल्याकडे नुसतं 'जाते' म्हटलं तर आई ओरडायची की नाही, जाते म्हणू नये, येते म्हणावं. इंग्रजी पुस्तकात याच्यासमोर दिलंय की याला नेमका प्रतिशब्द नाही, संस्कृतीचा भाग म्हणून लक्षात ठेवा. त्यांच्याकडे नसेल. आमच्याकडे रोज सकाळी साडेनऊला आहे.

याच्यापुढची गोष्ट तर सगळ्यात मोठी. जपानीत क्रियापदाला 'ते' लावून पुढे दुसरं क्रियापद जोडतात, आणि इंग्रजीतून शिकणारी मुलं इथे येऊन रडतात, कारण इंग्रजीत तसली सोयच नाही. आपल्याकडे 'ऊन' आहे. ताबेते मिरु, खाऊन बघणे. कात्ते कुरु, विकत घेऊन येणे. ताबेते शिमात्ता, खाऊन टाकलं. शिते ओकु, करून ठेवणे. शब्दाला शब्द. त्या मिरु चा सुटा अर्थ पण बघणेच, ओकु चा पण ठेवणेच. विणण्याच्या भाषेत सांगायचं तर आन्दे आगेरु म्हणजे विणून देणे आणि आन्दे मोराउ म्हणजे विणून घेणे. दुसऱ्याकडून करून घेणे आणि दुसऱ्याला करून देणे, यावर इंग्रजी पुस्तकात बाणांच्या आकृत्या काढल्यात, हा इकडून तिकडे, तो तिकडून इकडे, आणि माझी वही म्हणते 'विणून देते / विणून घेते' आणि पुढचं पान. हां, एक फरक आहे, समोरच्याने आपल्यासाठी केलं तर तिथे तिसरंच क्रियापद येतं, कुरेरु, तेवढं वेगळं शिकावं लागतं.

अजून एक. 'काल मी विणलेला रुमाल' हे जपानीत 'किनो वाताशि गा आन्दा हान्काचि', काल-मी-विणलेला-रुमाल, शब्दांचा क्रम सुद्धा तोच. इंग्रजीत आधी रुमाल, मग 'जो मी काल विणला' असं उलटं लावावं लागतं. म्हणजे क्लासमधे मी काय करत होते, तर सरळ जपानी वाक्य आधी उलटं करून इंग्रजीत समजून घ्यायचं आणि मग डोक्यात ते परत सुलटं करून मराठीत. दोनदा उलटा टाका घालून सरळ टाका मिळवायचा. आणि वर आपल्यालाच वाटायचं की आपलं वय झालं, डोकं चालत नाही.

आता मराठीतून शिकलं की जपानी सोपी झाली असं मी म्हणत नाहीये, कोणी तसं सांगितलं तर त्यालाही ६५०० देऊ नका. स्वराची चढउतार आपल्याला ऐकूच येत नाही, हाशि एका सुरात म्हटलं तर जेवायच्या काड्या आणि दुसऱ्या सुरात पूल, मी अजून पूलावरून जेवते. नामाला लागणाऱ्या 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमधला फरक मला पाच वर्षांनी सत्तर टक्के कळलाय. वा ला आपला 'तर' बराच चालतो, मी तर चहा घेत नाही मधला तर, पण सगळीकडे नाही. आणि कांजी, म्हणजे चिनीवरून घेतलेली, अख्ख्या शब्दाचा अर्थ सांगणारी अक्षरं. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या कांजीच २१३६ आहेत, तिथे मराठी काय, कोणीच वाचवत नाही.

कांजीला मात्र मला क्रोशाने हात दिला. दोऱ्याला इतो म्हणतात, त्याची कांजी सहा रेघांची, आणि ती दुसऱ्या कांजींच्या डाव्या बाजूला जाऊन बसते. विणणे मधे ती आहे, बांधणे मधे आहे, रेघ, कागद, हिरवा रंग, बारीक, संपणे, सगळ्यांच्या डाव्या अंगाला तोच दोरा. मी वहीत 'दोऱ्याचं घराणं' असं पान केलं आणि एकेक नातेवाईक लिहित गेले. मग पाण्याचं घराणं, झाडाचं घराणं. ॲपमधे कांजी येतात त्या सुट्या सुट्या, आज कुत्रा, उद्या स्टेशन, घराणं कळल्याशिवाय त्या टिकत नाहीत, माझ्या तरी टिकल्या नाहीत. लिहायला गणिताची चौकडीची वही घ्या, चार चौकटीत एक कांजी बरोबर बसते, महागडी जपानी वही मागवायची काही गरज नाही.

आता पाठांतराच्या साधनांचं बोलते, कारण तुमच्या लेखात त्याला दोन ओळी होत्या आणि खरं काम तिथेच आहे. आपण विसरतो कसं यावर १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने पुस्तक लिहिलं, स्वतःवरच प्रयोग करून, बिनअर्थाचे शब्द पाठ करायचे आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचं. सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग हळूहळू, म्हणून उजळणी पहिल्यांदा लवकर लवकर आणि नंतर लांब लांब अंतराने करायची. पुढे १९७२ साली सेबास्टियन लाइटनर याने याची साधी पेटी लोकांपुढे आणली. पेटीत पाच कप्पे. नवीन चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, आठवली की पुढच्या कप्प्यात, विसरली की परत पहिल्यात, मग ती चौथ्यात असली तरी. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, पाचवा महिन्याने वगैरे. मी मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले आणि चिठ्ठ्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापल्या, जाड कागद, मागची बाजू कोरी, आणि आमच्याकडे दर वैशाखात नवा साठा येतो. खर्च शून्य. सहा महिने मी त्या खोक्यावरच काढले आणि ज्याला मोबाईलचा कंटाळा आहे त्याने तेच करावं, ॲपपेक्षा कमी काही नाही त्यात.

नंतर मी अंकिवर गेले. हे ॲप २००६ पासून आहे, नाव जपानीच, अंकि म्हणजे पाठांतर. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. तीच पेटी, फक्त कप्पे ते स्वतः सांभाळतं. दिसायला अगदी सरकारी वेबसाईट, चित्र नाही, शाबासकी नाही, पण काम करतं. माझी चूक अशी झाली की मी दुसऱ्याने बनवलेला तयार गठ्ठा उतरवला, इंग्रजी अर्थांचा, आणि हावरटासारखे रोज ३० नवीन शब्द लावले. पहिला आठवडा छान. पण एक नवीन शब्द म्हणजे पुढच्या काही महिन्यांत त्याची सात-आठ वेळा भेट ठरलेली, हे लक्षात आलं नाही, महिनाअखेरीला रोजची तीनशेच्या वर उजळणी साचायला लागली, मार्च एंडचं काम पतसंस्थेत आणि घरी पण मार्च एंड. पंधरा दिवस उघडलंच नाही, मग तर आकडा बघून मोबाईल पालथा ठेवला. शेवटी सगळा गठ्ठा पुसला आणि स्वतःचा सुरू केला. रोज आठ नवीन, जास्त नाही, आणि सुटा शब्द न घेता वाक्य घ्यायचं, ज्यात एकच गोष्ट नवीन आहे, मागे मराठी अर्थ. वाक्यं कुठून, तर नमुन्याच्या पुस्तकातून आणि व्हिडिओतून. सकाळी नळाला पाणी यायच्या आधीची पंचवीस मिनिटं. पाणी आलं की अभ्यास संपला, त्यामुळे जास्त होतच नाही.

एक ते नावाजलेलं खेळासारखं ॲप पण मी वापरलं, नाव नको. २१० दिवस न चुकता. रोज ठिणग्या, बक्षिसं, आज आला नाहीत म्हणून रुसवा. २११ व्या दिवशी जपानी बाईचा साधा व्हिडिओ लावला तर दोन वाक्यंसुद्धा कळली नाहीत. वाईट आहे असं नाही म्हणत, सवय लावायला बरं, पण तिथे समोर चार शब्द ठेवलेले असतात आणि आपण फक्त उचलून लावतो, डोक्यातून काढावा लागतच नाही एकही. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही असं लग्नात होतं ना तसं.

ऐकण्याबद्दल. एनएचके या जपानच्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीवाल्यांचे सोप्या जपानीचे धडे फुकट आहेत आणि ते हिंदीतून पण आहेत, मला वाटतं आपल्याकडच्या फार कमी लोकांना माहीत असेल. हिंदीतून म्हणजे इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळ. पण माझं खरं ऐकणं झालं ते क्रोशाच्या व्हिडिओंवर. स्टीफन क्रॅशन म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं असं की माणूस भाषा शिकतो ती कळेल अशी भाषा भरपूर कानावर पडून, आपल्या पातळीच्या जरासं वर. आता क्रोशाच्या व्हिडिओत काय होतं, हात काय करतायत ते मला आधीच माहीत असतं, तीस वर्षं तेच करतेय, त्यामुळे ती जे बोलतेय ते तेच असणार. कुसारि म्हणजे साखळी, आणि साखळीच्या टाक्याला जपानीत पण साखळीच म्हणतात. टाक्याला मे, म्हणजे डोळा. ओळीला दान. दोरा सुईला गुंडाळताना ती म्हणते 'गुरुगुरु' आणि मी म्हणते गरगर. छातीत धडधड म्हणजे दोकिदोकि. भाषा घडाघडा बोलणे म्हणजे पेरापेरा. या असल्या शब्दांचे तिकडे ढीग आहेत आणि इंग्रजीवाले ते वेगळे कोश घेऊन शिकतात, आपल्याकडे झुळझुळ, खळखळ, चकचक, लुटुलुटु असताना आपल्याला त्याची सवय करायला लागत नाही. ज्याला जे काम येतं त्या कामाचे व्हिडिओ त्या भाषेत बघावेत. मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्याने मोटरसायकलचे बघावे, स्वयंपाकवाल्याने स्वयंपाकाचे. सुरुवातीला स्पीड कमी करून. भाकऱ्या करताना मी इअरफोन लावून तिच्या मागोमाग मोठ्याने बोलते, अर्धा सेकंद मागे राहून, सावलीसारखं. घरचे आता लक्ष देत नाहीत.

बोलण्याला मात्र माणूस लागतो, आणि एकट्याने शिकणाऱ्याचं घोडं इथेच अडतं. भाषा अदलाबदलीच्या ॲपवर गेले तर पहिल्या दिवशी सतरा मेसेज, त्यातले चौदा आपल्याच देशातल्या पुरुषांचे, हाय डियर. बंद केलं. शेवटी विणकामाच्या एका ग्रुपमधे जपानमधल्या नागानोच्या एक बाई भेटल्या, वय साठीच्या पुढे, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, म्हणून आमचं जमलं. पंधरा दिवसांनी एकदा व्हिडिओ कॉल, दोघींच्या हातात सुया, जे सुचत नाही ते हाताने दाखवायचं. मी त्यांना सांगितलं की तुमच्या कोमाआमि टाक्याला आमच्याकडे 'मुका खांब' म्हणतात, म्हणजे न बोलणारा खांब, तर त्या इतक्या हसल्या की टाके सुटले. आता त्यांच्या ग्रुपमधल्या चार बायका 'मुका खांबु' म्हणतात. आमच्या दोघींच्या मधे इंग्रजी कधी आलंच नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय.

एआयशी पण बोलते मी हल्ली. मराठीत विचारलं की मराठीत फरक समजावून सांगतं आणि न कंटाळता सांगतं, हा मोठा गुण. पण मराठी उत्तराच्या आत बऱ्याचदा इंग्रजीच पुस्तक बोलत असतं, आणि एका कांजीचा उच्चार त्याने इतक्या ठामपणे चुकीचा सांगितला की मी आठवडाभर तोच म्हणत होते, नागानोच्या बाईंनी दुरुस्त केला. कोशात बघितल्याशिवाय कार्ड बनवायचं नाही असं तेव्हापासून.

परीक्षा दिल्या, जेएलपीटी म्हणजे जपानीची पातळी तपासणारी, पुण्याला जाऊन. २०२३ च्या डिसेंबरमधे एन ५, म्हणजे सगळ्यात खालची पातळी, २०२४ च्या डिसेंबरमधे त्याच्या वरची एन ४. एन ४ ला १८० पैकी ९० लागतात. या परीक्षेत बोलायचं काही नसतं, लिहायचं पण नसतं, सगळं गोल काळे करायचे, त्यामुळे सर्टिफिकेट आहे आणि तोंड उघडत नाही असे लोक बाहेर भेटले. तारीख गाठायची म्हणून अभ्यास होतो एवढाच माझ्यासाठी तिचा उपयोग.

हे सगळं जपानीपुरतंच नाही म्हणून माझ्या नणंदेच्या मुलाचं सांगते. आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. २०२४ मधे आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याबरोबर कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून याच्या डोक्यात जर्मनी. पोरगा मराठी मीडियमचा आणि हातात इंग्रजीतून जर्मन शिकवणारं पुस्तक. डेटिव्ह केस म्हणून एका विभक्तीचा धडा होता, तीन दिवस तो त्यावर बसला होता. मला जर्मन येत नाही, पण त्याने वाक्य दाखवलं, 'मीर गेफेल्ट दास'. म्हटलं मीर म्हणजे काय तर म्हणे 'मला'. म्हटलं अरे मग 'मला हे आवडतं', तू 'मी हे आवडतो' म्हणतोस का कधी? मीर इस्ट काल्ट, मला थंडी वाजतेय. तो नुसता बघत राहिला. इंग्रजीत 'मी' आवडवून घेतो म्हणून तिथे त्यांना धडा लागतो. तीच गोष्ट जर्मनमधल्या तो-ती-ते ची, म्हणजे देर, दी, दास ची. निर्जीव वस्तूला लिंग कसं असू शकतं यावर त्या पुस्तकात समजूत काढलीय, आणि आपण जन्मापासून तो दगड, ती खुर्ची, ते कपाट म्हणतोय. लिंगं जुळत नाहीत हे खरं, आपली ती खुर्ची तिकडे तो होते, पाठ करावंच लागतं, पण धक्का तरी बसत नाही. आणि वेळ या अर्थाचा त्यांचा 'त्साइट' शब्द त्याला म्हणता येत नव्हता, कारण रोमनमधे झेड दिसतो. म्हटलं चमचा म्हण, चाक म्हण, चूल म्हण. तो च. झालं.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ मधे, पन्नाशी उलटलेली असताना पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंच शिकून घेतली. त्यांना तिकडच्या पंडितांचं लिखाण वाचायचं होतं, कोणाशी गप्पा मारायच्या नव्हत्या, म्हणून ते तुरुंगातही जमलं. कशासाठी शिकायचंय हे ठरलं की अर्धी साधनं आपोआप गळतात. तुमच्या लेखात हा प्रश्न पहिल्या ओळीत यायला पाहिजे होता, ॲप नंतर.

तर माझी मागणी. एक, तुम्ही पुरवणीत आठवड्याला एक चौकोन द्या, एका परदेशी भाषेतली एक गोष्ट आपल्या मराठीतून, करून ठेवणे आणि मला आवडतं असल्या. लिहिणारे पुण्यात ढिगाने आहेत, रानडे इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेलेच किती असतील. दोन, साहित्य संस्कृती मंडळ एवढी स्वस्त आणि चांगली पुस्तकं काढतं, त्यांनी जर्मन आणि जपानीच्या मराठीतून, देवनागरी उच्चारांसकट स्वतः शिकायच्या पातळ पुस्तिका काढाव्यात, शंभर पानांच्या, सोबत ऐकायची ध्वनिफीत. आधीच निघाल्या असतील तर कृपया कळवा, कराडच्या दुकानात मला मिळाल्या नाहीत, मी पहिली गिऱ्हाईक. तीन, आयटीआयच्या पोरांना सरकार जर्मन शिकवणार असेल तर ज्या भाषेत त्यांनी वायरिंग शिकलं त्याच भाषेतून शिकवा.

माझ्या तीन वह्या भरल्यात. कोणाला हव्या असतील तर तुमच्याकडे नाव-पत्ता कळवावा, मी झेरॉक्स काढून पाठवीन, पोस्टाचा खर्च घेणाऱ्याचा. फक्त दुसऱ्या वहीतली ४० ते ५२ पानं वाचू नका, 'वा' आणि 'गा' चं आहे ते, त्यातलं निम्मं चुकलंय, नागानोच्या बाईंकडून दुरुस्त करून घेतेय.

आपली,
एक वाचक, कराड